देवळासमोरची पथारी आणि माझी सही

वाचकाचा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत) : सिंहगड रस्त्याच्या परिसरात राहणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या एका ताईंचं हे पत्र. माहेर वारकरी, सासरी दत्तभक्ती. जवळच्या दत्तमंदिरात त्यांचं भजनी मंडळ दर गुरुवारी बसतं. मध्यंतरी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निवेदन आलं. देवळाच्या रस्त्यावर ‘परधर्मीय’ पथारीवाल्यांना बसू देऊ नये, अशी महापालिकेकडे मागणी आणि खाली सह्यांचे रकाने. त्या रस्त्यावर असा एकच विक्रेता आहे, फुलवाले चाचा. ताई वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच हार घेतात. संकष्टीला एकवीस दुर्वांची जुडी ते आधीच बांधून, ओल्या फडक्यात गुंडाळून त्यांच्यासाठी बाजूला ठेवतात. सही करायला ताईंचा हात धजत नाही. मंडळाच्या प्रमुख काकू रोज आठवण करतात, “धर्माचं काम आहे, मागे राहू नकोस.” यजमान म्हणतात, “करून टाक, एका सहीनं काय होतंय.” कायद्याचं शिक्षण घेणारी मुलगी जेवताना म्हणाली, “आई, तुझा देव देवघरात ठेव. रस्त्यावर संविधान चालतं.” तेव्हापासून मायलेकींत धड बोलणं नाही. ताई विचारतात : सही नाही केली तर मी धर्माशी बेइमान ठरते का? आणि मत देतानाही मी देवाधर्माचा विचार करते, ते संविधानाच्या विरुद्ध आहे का?

ताई,

आधी सहीचं. करू नका. का, ते सविस्तर सांगते, कारण तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे आणि दोन्हींची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत.

तुम्ही निवेदनाचा मजकूर सोबत पाठवलात, ते बरं केलंत. त्यात चार तक्रारी आहेत. फुटपाथ अडतो, निर्माल्य आणि प्लॅस्टिक तिथंच पडतं, आरतीच्या वेळी गाड्या लावायला जागा राहत नाही, आणि ‘परधर्मीयांच्या वावरामुळे मंदिराचे पावित्र्य भंग पावते’. पहिल्या तिन्ही खऱ्या असतील. पुण्यात कुठल्याही देवळापुढं त्या खऱ्याच असतात. त्यांच्यासाठी कायदाही आहे. पथविक्रेत्यांचा २०१४ सालचा केंद्रीय कायदा सांगतो की पथारीवाल्यांचं सर्वेक्षण व्हावं, त्यांना प्रमाणपत्र मिळावं, कुठं बसायचं आणि कुठं नाही हे नगर पथविक्रेता समितीच्या सल्ल्यानं ठरावं, आणि कुणाला हलवायचं तर आधी तीस दिवसांची नोटीस द्यावी. फुटपाथ अडत असेल तर नारळवाल्याचाही अडतो आणि उदबत्तीवालीचाही. तक्रार करायची तर सगळ्यांची करा.

या तीन ओळी निवेदनातून काढून टाका आणि उरलेलं वाचा. उरतो तो फक्त एका माणसाचा धर्म. तुमची सही त्याच्यासाठी हवी आहे. कचरा आणि पार्किंग वर लिहिलंय ते सही करताना कुणाला अवघड वाटू नये म्हणून. तुमचा हात धजत नाही, कारण हे तुम्हाला आत कुठंतरी कळलेलं आहे. तुम्ही त्याला ‘मनाचा कमकुवतपणा’ म्हटलंय. मला तसं वाटत नाही.

संविधानाचा पंधरावा अनुच्छेद मुलीच्या पुस्तकात असेलच. त्याचा पहिला भाग सरकारला बांधून घालतो : केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणावरून राज्यानं भेदभाव करायचा नाही. महापालिका म्हणजे राज्यच. तेव्हा निवेदनातली चौथी मागणी महापालिकेला मान्य करताच येणार नाही. दुसरा भाग लोक सहसा वाचत नाहीत. दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांच्या वापरावर त्याच कारणांवरून कुणावरही बंधन घालता येणार नाही, असं तो म्हणतो. विहिरी आणि तलाव त्या यादीत उगाच आलेले नाहीत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचं पाणी दलितांनी प्यायल्यावर गावातल्या लोकांनी त्यांना मारहाण केली आणि मग पंचगव्य घालून तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. तेव्हाही कारण पावित्र्याचंच होतं, आणि ते करणारे स्वतःला धार्मिक समजत होते. संविधान लागू होऊन वीसेक वर्षं झाल्यावरही आपल्याच पुण्याच्या बाबा आढावांना ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत महाराष्ट्रभर फिरावं लागलं. ही यादी एवढी तपशिलात का लिहिली गेली, ते यावरून कळतं.

एक बारकावा सांगायला हवा, नाहीतर काकू तुम्हाला त्यातच पकडतील. देवळाच्या मालकीच्या आवारात गाळे कुणाला द्यायचे, हा ट्रस्टच्या व्यवस्थापनाचा भाग असतो आणि त्यावर वेगळे वाद होतात. इथं प्रश्न महापालिकेच्या फुटपाथचा आहे. तो देवळाचा नाही, मंडळाचाही नाही.

आता मुलीच्या वाक्याकडे येते. सहीच्या बाबतीत ती बरोबर आहे. पण ‘देव देवघरात ठेव’ हे मला पटत नाही, आणि संविधानही तसं म्हणत नाही.

तुमच्या गच्चीवरून पर्वती दिसत असेल. १९२९ साली तिथल्या देवळात दलितांना प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रह झाला. तरुण एस. एम. जोशी त्यात होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, दार काही उघडलं नाही. पुढं १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. त्याआधी ते गावोगाव फिरून देवळं आणि विहिरी सगळ्यांना खुल्या करा म्हणून सांगत होते. १ तारखेला बसले, १० तारखेला उपोषण सुटलं आणि विठ्ठलाचं मंदिर हरिजनांना खुलं करायचं ठरलं. चोखोबांची समाधी शतकानुशतकं महाद्वाराशी होती, आत नव्हती. गुरुजींना ते सहन होईना, कारण विठ्ठल त्यांचाही होता. त्यांची श्रद्धा देवघरात ठेवायला सांगितली असती तर ते उपोषण झालंच नसतं. तेव्हा संविधान लिहून व्हायचं होतं. समतेची मागणी भक्तीतून आली, कायदा नंतर आला.

विरोध करणारेही धर्माचंच नाव घेत होते, हे मात्र विसरता येत नाही. आपल्याकडे हे नेहमीच असं झालेलं आहे. १८९१ चा संमतिवयाचा कायदा घ्या. मुलींसाठी संमतीचं वय दहावरून बारावर नेण्याएवढीच ती सुधारणा होती, पण पुणं पेटलं. टिळक विरोधात होते. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालू नये असं त्यांचं म्हणणं, पण त्याच सुमारास सोळा वर्षांच्या आत मुलीचं लग्न करू नये असा नियम लोकांनी स्वतःहून पाळावा, असंही त्यांनी सुचवलं होतं. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी धर्मशास्त्राचेच आधार काढून सुधारणेला पाठिंबा दिला. आगरकर म्हणत होते की शास्त्राला विचारायचंच कशाला, बुद्धीला विचारा. तिघेही पुण्याचे, तिघेही विद्वान, आणि एकाच प्रश्नावर तीन वेगळी उत्तरं.

म्हणून काकू जेव्हा ‘धर्माचं काम’ म्हणतात तेव्हा तुम्ही थांबून विचारायला हवं की हे कुणी ठरवलं. तुमच्या पत्रात तुम्ही हे गृहीत धरलंय की मंडळ म्हणतं तो धर्म आणि तुमच्या मनात येतं ती शंका. उलट का नसावं? पिढ्यान्‌पिढ्या वारी करणाऱ्या घरातून तुम्ही आलात. दिंडीत शेजारी चालणाऱ्याच्या पाया पडायचं, त्याची जात विचारायची नाही, हे तुम्ही लहानपणी शिकलात असं तुम्हीच लिहिलंय. ते शिक्षण धर्माचं नव्हतं का? निवेदनाच्या ग्रुपवर आलेलं तेवढंच धर्माचं, असं कसं?

ग्रुपवरचा एक मुद्दा तुम्ही कळवलात. “त्यांच्यात बायकांना मशिदीत तरी जाऊ देतात का, मग आपणच का समजून घ्यायचं?” हा प्रश्न मुसलमानांनी स्वतः विचारलेला आहे, आणि पुण्यातच विचारलेला आहे. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लीम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाकच्या विरोधात. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लीम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. २०१९ साली पुण्यातल्याच एका मुस्लीम दांपत्यानं मशिदीत स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. आणि आपल्याकडे शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर बायकांना जाता यायला २०१६ चा गुढीपाडवा उजाडावा लागला. त्यासाठी उच्च न्यायालयाला १९५६ च्या मंदिरप्रवेशाच्या कायद्याची आठवण करून द्यावी लागली. कुठल्याच घरात सगळं धुतल्या तांदळासारखं नाही. पण समजा, त्यांच्या घरात अन्याय असेल, तर त्याची भरपाई फुलवाल्याच्या टोपलीतून कशी होणार?

संविधान सभेतली एक घटना तुम्हाला सांगावीशी वाटते. १७ ऑक्टोबर १९४९. उद्देशिकेवर चर्चा चालू होती. ह. वि. कामतांनी दुरुस्ती सुचवली की उद्देशिकेची सुरुवात ‘ईश्वराच्या नावाने’ अशी व्हावी. आसामच्या रोहिणीकुमार चौधरींचं म्हणणं, मग ‘देवीच्या नावाने’ म्हणा, आम्ही शक्तीचे उपासक. पूर्णिमा बॅनर्जींनी कामतांना विनवलं की देवावर मतदान करायची वेळ आमच्यावर आणू नका. हृदयनाथ कुंझरूंनी विरोध केला. हे कुंझरू म्हणजे गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष. त्यांचा मुद्दा असा की इतक्या पवित्र बाबतीत सामूहिक मत कुणावर लादणं, हे विचार आणि श्रद्धेच्या स्वातंत्र्याशी जुळत नाही. अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते, स्वतः अत्यंत धार्मिक. कामतांनी आग्रह सोडला नाही, मोजणी झाली. दुरुस्तीच्या बाजूनं ४१, विरोधात ६८.

त्या ६८ जणांत देव मानणारे भरपूर असणार. तरी ते विरोधात गेले, कारण दुसऱ्याच्या तोंडात आपला देव घालायचा अधिकार आपल्याला नाही असं त्यांना वाटलं. आणि शपथेच्या वेळी काय केलं पाहा. मंत्री, खासदार यांच्या शपथेत दोन्ही पर्याय ठेवले : ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करतो’. ज्याला जे मनापासून म्हणता येईल ते त्यानं म्हणावं. मुलीला ही चर्चा माहीत नसेल तर जरूर सांगा. संविधानानं श्रद्धेला हाकललं नाही, सक्तीला मात्र जागा दिली नाही.

आता मतदानाचं. तुम्ही मत कुणाला आणि का देता, याचा जाब तुम्हाला कुठलाच कायदा विचारत नाही. देवाचं स्मरण करून दिलेलं मतही मतच. कायद्याचं बंधन आहे ते मागणाऱ्यावर. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) नुसार उमेदवारानं धर्म, जात, भाषा यांच्या नावानं मत मागणं हे निवडणुकीतलं भ्रष्ट आचरण मानलं जातं, आणि २०१७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमतानं सांगितलं की यात उमेदवाराइतकाच मतदाराचा धर्मही येतो. म्हणजे ‘तुम्ही अमुक धर्माचे म्हणून मला मत द्या’ असं कुणी तुमच्या दारात म्हणालं, तर चूक त्याची आहे. तुम्ही देव मानता ही चूक नाही.

तरी एक भेद स्वतःशी ठेवावा, असं मी सुचवेन. श्रद्धेमुळे तुम्ही स्वतः काही करता किंवा करत नाही : उपास, माळ, मांसाहार वर्ज्य. त्यात कुणाला बोलायचं कारण नाही. श्रद्धेमुळे तुम्हाला राज्याकडून काही हवंसं वाटतं : दारूबंदी, वारीच्या वाटेवर पाण्याची सोय, गोरगरिबांना धान्य. मागा, खुशाल मागा. पण राज्याची ताकद वापरून दुसऱ्या कुणाचं काही काढून घ्यायची मागणी असेल, तर त्या दुसऱ्याला पटेल किंवा निदान समजेल असं कारण तुमच्याकडे असायला हवं. ‘माझ्या देवाला चालत नाही’ हे कारण फुलवाल्या चाचांना देता येत नाही, कारण तो देव त्यांचा नाही. ‘ॲम्ब्युलन्स जाऊ शकत नाही’ हे देता येतं. अशा मागणीवर सही करण्यापूर्वी ज्याच्याविरुद्ध ती आहे त्याच्यासमोर उभं राहून कारण मोठ्यानं सांगता येईल का, ते मनाशी तपासून पाहावं. तुमच्या निवेदनाची चौथी ओळ तुम्ही चाचांना वाचून दाखवू शकाल?

आणि अल्पसंख्य आपणही कुठंतरी असतोच. तुमचा भाऊ ईशान्येत नोकरीला आहे, असं पत्रात आहे. तिथं त्यानं घरात गणपती बसवला आणि शेजाऱ्यांनी सह्या गोळा केल्या, तर त्याला कोण वाचवेल? केरळमध्ये १९८५ साली यहोवा साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीत चालू असताना ती आदरानं उभी राहत, पण श्रद्धेमुळे गात नसत. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं. तो पंथ आपल्या देशात मूठभर लोकांचा. श्रद्धेचं स्वातंत्र्य देणारा पंचविसावा अनुच्छेद त्यांच्या कामी आला तसाच तुमच्या भावाच्या कामी येईल. पण तो तिथं टिकावा असं वाटत असेल, तर सिंहगड रस्त्यावरही टिकवावा लागेल.

आता व्यवहाराचं बोलू. गप्प बसून सही टाळायचा मार्ग आहे. ‘आज विसरले, उद्या करते’ म्हणत दिवस काढता येतील. काहींची परिस्थिती अशी असते की तेवढंच जमतं, आणि मी त्यांना दोष देणार नाही. तुम्हाला मात्र तो मानवणार नाही, कारण काकू रोज फोन करणार आणि तुम्ही रोज खोटं बोलणार. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला वाद घालता येत नाही. वाद घालूच नका. फोनवर एवढंच म्हणा, “काकू, कचऱ्याचं आणि फुटपाथचं निवेदन काढा, पहिली सही माझी. माणसाचा धर्म बघून उठवायचं असेल तर माझ्याच्यानं होणार नाही. मला माझ्या देवासमोर उभं राहायचंय.” शेवटचं वाक्य गाळू नका. तुम्ही धर्माच्या बाहेरून बोलत नाही, हे त्यांना ऐकू यायला हवं.

ग्रुपवर मात्र हे लिहू नका. तिथं लोक एकमेकांना दाखवायला बोलतात. मंडळात तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी नक्की असतील, ज्यांनी सही केली पण मनातून अवघडल्यात. त्यांना गुरुवारी भजनानंतर एकेकटीला भेटा.

थोडा त्रास होईल, तो लपवत नाही. कुणी बोलायचं कमी करेल, टाळ दुसरीच्या हातात जाईल. बऱ्याच वेळा हे काही आठवड्यांत विरतं. पण कुठं प्रकरण वाळीत टाकण्यापर्यंत गेलं, विशेषतः गावाकडच्या वाचकांच्या बाबतीत, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली पोलिसांत तक्रार करता येते.

मुलीशी तुम्ही आधी बोला. तिनं तुम्हाला दुखावलंय हे खरं, आणि ते तिला सांगायला हवं. ती बरोबर बाजूला उभी आहे, पण आईला खाली पाडून. तिला म्हणा, “तुझं म्हणणं मला पटलंय, तुझं बोलणं लागलंय.” मग तिच्याकडे काम सोपवा : कचरा, फुटपाथ आणि पार्किंग यांचं नवीन निवेदन तिनं लिहून द्यावं, कुणाच्या धर्माचा उल्लेख न करता, २०१४ च्या कायद्याचा आधार देऊन. निर्माल्यासाठी वेगळा कलश, गुरुवारी संध्याकाळी दोन तास दुचाकी लावायला बंदी, असल्या मागण्या त्यात घाला. लिहिताना चाचांना आणि नारळवाल्यालाही विचारा, अडचण कुठं होते ते त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. यजमानांना म्हणावं, एका सहीनं काही होत नसेल तर ती न केल्यानंही काही बिघडत नाही.

हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कुणी अशा निवेदनावर आधीच सही करून बसलं असेल, तर ती मागे घेता येते. साध्या कागदावर नाव, पत्ता, तारीख आणि ‘अमुक विषयाच्या निवेदनावरील माझी सही मी मागे घेत आहे’ एवढं लिहा. एक प्रत निवेदन काढणाऱ्यांना द्या, दुसरी महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावक विभागात द्या, आणि पोच घेऊन ठेवा.